कळप मोजला, कळप सांभाळणारीचं काय?

दिवाळी आटोपली की आपल्या खान्देशातल्या रस्त्यांवर दोन गोष्टींची गर्दी वाढते. एक कापसाने भरलेल्या गाड्यांची आणि दुसरी मेंढरांची. साक्री, शिंदखेडा, धुळे तालुक्यांतले ठेलारी आणि धनगर आपापले कळप घेऊन चाऱ्याच्या शोधात निघालेले असतात. पुढे शे-दीडशे मेंढरं, कडेला कुत्री, मागे घोड्यावर लादलेलं बिऱ्हाड, त्यावर बांधलेल्या कोंबड्या. आपण गाडीत बसून "झाला उशीर!" म्हणत हॉर्न वाजवतो. त्या बिऱ्हाडाबरोबर चालणाऱ्या बाईकडे मात्र आपलं फारसं लक्ष जात नाही. तिच्या कडेवर मूल असतं आणि झोळीत आदल्या रात्री जन्मलेलं कोकरू.

मैत्रिणींनो, आज तिच्याविषयी लिहायचं आहे. पण त्याआधी थोडे आकडे सांगते. आकडे म्हटलं की आपल्याला जांभई येते, हे मला ठाऊक आहे. पण या आकड्यांत एका बाईचा संसार दडलेला आहे, म्हणून जरा धीर धरा.

आपल्या देशात माणसांसारखी जनावरांचीही गणना होते. पहिली पशुगणना 1919 साली झाली. साधारण दर पाच वर्षांनी ती घ्यायची असा प्रघात आहे. 1951 मध्ये देशात 3 कोटी 91 लाख मेंढ्या होत्या. 2012 च्या गणनेत त्या साडेसहा कोटी भरल्या आणि 2019 च्या विसाव्या गणनेत 7 कोटी 42 लाखांवर गेल्या. म्हणजे सात वर्षांत 14 टक्के वाढ! जगात बऱ्याच ठिकाणी उलटं चित्र आहे. मेंढ्यांचा देश म्हणून आपण शाळेत ज्याचं नाव पाठ केलं, त्या न्यूझीलंडमध्ये 1982 साली 7 कोटी मेंढ्या होत्या. आता त्या अडीच कोटींच्याही आत आल्या आहेत. अमेरिकेत 1942 च्या सुमारास साडेपाच कोटींवर मेंढ्या होत्या, आज जेमतेम 50 लाख उरल्या आहेत.

मग आपल्याकडे सगळं छान चाललंय का? तसं म्हणता येत नाही. देशातली ही वाढ सगळीकडे सारखी नाही. तेलंगणाने 2017 साली मेंढी वाटपाची मोठी योजना काढली आणि तिथला आकडा 1 कोटी 91 लाखांवर गेला. आंध्र आणि कर्नाटकही पुढे गेले. राजस्थान मात्र 90 लाखांवरून 79 लाखांवर घसरला. आणि आपला महाराष्ट्र? 2003 साली आपल्याकडे 31 लाखांच्या आसपास मेंढ्या होत्या. 2007 मध्ये 29 लाख झाल्या, 2012 मध्ये 26 लाखांच्याही आत आल्या. 2019 मध्ये जरा सावरून 27 लाखांच्या जवळ पोहोचल्या इतकंच. याच काळात शेळ्या मात्र भरभर वाढल्या. 2012 ते 2019 या सात वर्षांत राज्यातल्या शेळ्या 84 लाखांवरून 1 कोटी 6 लाखांवर गेल्या. शेळी दारात बांधून चार डहाळ्यांवर सांभाळता येते. मेंढीला कळप लागतो, रान लागतं आणि चालणारी माणसं लागतात.

रान आटलं, लोकर पडली

रान कुठे राहिलं आहे? पूर्वी खरिपाचं पीक निघालं की शिवार मोकळं व्हायचं. मेंढरं शेतात बसवली की रात्रीत लेंडीखत मिळायचं आणि शेतकरी त्याबद्दल ज्वारी-बाजरी किंवा पैसे द्यायचा. दोघांचंही भलं व्हायचं. आता ठिबक आलं, विहिरींना पाणी आहे तिथे कपाशीमागे गहू-हरभरा येतो. रावेर-यावलकडे तर बारा महिने केळी उभी असते. मोकळं शिवार कमी झालं. वनखात्याच्या हद्दीत शिरलं की दंड, गावच्या गायरानात शिरलं की भांडण. त्यात आपल्याकडे काठेवाडी लोकही गायी-मेंढ्या घेऊन येतात. चारा तेवढाच, तोंडं जास्त.

गंमत म्हणजे शेतीला मेंढरांची आजही गरज आहे. कपाशीवर गुलाबी बोंडअळीने 2017 साली किती हाहाकार केला, ते आपण विसरलेलो नाही. शेवटची वेचणी झाली की शेतात शेळ्या-मेंढ्या सोडा, असं कृषी खातंच सांगतं. पराटीवर राहिलेली किडकी बोंडं आणि पाला मेंढरं फस्त करतात आणि अळीचा पुढचा मुक्काम मोडतो. वर खत फुकट. पण त्याच पराटीवर फवारलेलं औषध पोटात जाऊन मेंढरं दगावण्याची भीती असते. म्हणून मेंढपाळाला शेतात बोलावताना शेवटची फवारणी कधी झाली, हे शेतकऱ्याने सांगायलाच हवं.

दुसरी गोष्ट लोकरीची. आपली दख्खनी मेंढी काळ्या, भरड लोकरीची. पूर्वी बायका सूत काढायच्या, सणगर घोंगडी विणायचे. आता घोंगडी घेतं कोण? वर्षातून दोनदा कातरणी करावीच लागते, नाहीतर मेंढीला त्रास होतो. पण कातरणाऱ्याची मजुरीही लोकरीतून सुटत नाही आणि कित्येकदा ती लोकर उकिरड्यावर जाते. देशाचे आकडे हेच सांगतात. 2012-13 मध्ये देशात 4 कोटी 60 लाख किलो लोकर निघाली होती. 2022-23 मध्ये ती 3 कोटी 36 लाख किलोवर आली. मेंढ्या वाढल्या आणि लोकर घटली! याचा अर्थ सरळ आहे. मेंढी आता मटणासाठी पाळली जाते. आणि मटण म्हणजे कोकरू. ज्या वाड्यावर कोकरं जगली, तो वाडा टिकला.

कोकरू जगवते कोण?

आता येते ती बाई. बचत गटाच्या कामानिमित्त खेडोपाडी फिरताना माझं अशा वाड्यांवर जाणं होतं. वाडा म्हणजे भिंती-छप्पर नव्हे बरं का! शेतात टाकलेला मुक्काम म्हणजे वाडा. तीन दगडांची चूल, पाण्याचे हंडे, मेंढरांभोवती लावलेली जाळी, झालं घर. पुरुष सकाळी मेंढरं घेऊन रानात जातो. कोकरं लहान असतात, ती कळपाबरोबर चालू शकत नाहीत. ती वाड्यावर बाईजवळ राहतात. कोणाची आई पाजत नाही, तिला धरून पाजणं हिचं काम. कोणाला हगवण लागली, कोण थंडीने गारठलं, कोणाला कोवळा पाला घालायचा, हे सगळं तिच्या डोक्यात. संध्याकाळी कळप परतला की एकच गलका होतो. त्या गलक्यात कोणतं कोकरू कोणत्या मेंढीचं, हे ती बरोबर ओळखते. "किती आहेत गं?" असं विचारलं तर मात्र हसते आणि विषय बदलते. आकडा सांगितला की दृष्ट लागते, असं जुन्या बायका मानतात.

जरा हिशेब करू. समजा, एका वाड्यावर 60 मेंढ्या आहेत आणि त्यातल्या 45 व्यायल्या. मेंढी पाच महिने गाभण राहते आणि आपल्या दख्खनी मेंढीला बहुतेक वेळा एकच पिल्लू होतं. म्हणजे 45 कोकरं. साधारण निम्मे नर, ते तीन-चार महिन्यांचे झाले की विकायचे. त्यावर वर्षाचा किराणा, दवाखाना, लग्नकार्य. माद्या ठेवायच्या, त्या म्हाताऱ्या मेंढ्यांची जागा घेतात. आता यातली 15 कोकरं पहिल्या महिन्यात गेली तर? विकायला नर कमी आणि कळपाला माद्या कमी. दोन-तीन वर्षं असं झालं की कळप मोडतो आणि कुटुंब ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला जातं. म्हणजे कळप वाढणार की घटणार, हे त्या पहिल्या महिन्यात ठरतं. आणि तो महिना सगळा बाईच्या हातात असतो.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे 'नारी'ने, बंगालच्या गारोळ मेंढीचा जुळी देणारा गुण दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली. डॉ. चंदा निंबकर या बाईंनी त्या कामाचं नेतृत्व केलं, याचा मला फार अभिमान वाटतो. कोकरं वाढली तर उत्पन्न वाढेल, हे खरंच आहे. पण जुळी झाली की पाजण्याचं, जपण्याचं काम दुप्पट, आणि तेही वाड्यावरच्या बाईचंच. तिला औषधपाणी, चारा आणि माहिती मिळाली तरच हे जमायचं.

नाव कुठे आहे?

आता कळीचा मुद्दा. सरकारी योजना नाहीत असं नाही. 2017 साली मंजूर झालेल्या 'राजे यशवंतराव होळकर महामेष' योजनेत 20 मेंढ्या आणि 1 नर असा गट 75 टक्के अनुदानावर देण्याची तरतूद झाली. आपल्या चाळीसगाव तालुक्यात बिलाखेडला मेंढी-शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्रही आहे. पण अर्ज कोणाच्या नावाने होतो? बहुतेक घरधन्याच्या. डिसेंबर 2021 मध्ये अवकाळी पाऊस आणि थंडीने पुणे, नाशिक आणि त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यात मोठ्या संख्येने मेंढ्या मेल्या. अशा वेळी पंचनामा होतो, त्यात मालक म्हणून नाव लागतं. तेही पुरुषाचं. नवरा दारूत गेला, वारला किंवा सोडून गेला, तर ज्या कळपाला तिने तळहाताच्या फोडासारखं जपलं, त्यावर तिचा कागदी पुरावा काय? शेतकऱ्याच्या बायकोसाठी निदान सातबारावर नाव लावायचा आग्रह धरता येतो. हिच्याकडे सातबाराच नाही.

म्हणूनच 25 ऑक्टोबर 2024 ला सुरू झालेली एकविसावी पशुगणना मला महत्त्वाची वाटते. या गणनेत दोन गोष्टी पहिल्यांदा आल्या. फिरत्या पशुपालकांच्या जनावरांची वेगळी नोंद, आणि जनावरं मुख्यतः कोण सांभाळतं, बाई की पुरुष, याची नोंद. शंभर वर्षं मेंढी मोजली गेली, तिचं वय, लिंग, जात लिहिली गेली. ती सांभाळणाऱ्याचं लिंग लिहायला 2024 उजाडलं! पण निदान उजाडलं. या गणनेचे आकडे वाचताना मेंढ्या किती वाढल्या एवढंच पाहू नका. हा रकानाही पाहा. आणि त्यात बायका कमी दिसल्या तर समजा, की प्रश्न विचारला तेव्हा उत्तर द्यायला पुरुष पुढे आला होता.

आपण काय करू शकतो? पुष्कळ. 'उमेद'मधून तयार झालेल्या पशुसखी गावागावांत आहेत. त्या गावातल्या शेळ्यांकडे जातात, शिवारातल्या वाड्यापर्यंत पोहोचत नाहीत. आपल्या शिवारात वाडा उतरला तर पशुसखीला सांगा, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. पावसाळ्याआधीची आंत्रविषाराची लस आणि पीपीआरची लस त्या कळपाला मिळाली का, ते विचारा. 1962 हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा फोन नंबर तिला पाठ करून द्या. आपल्या बचत गटात चार महिने मुक्कामी असणाऱ्या बाईला कसं घेता येईल, यावर एकदा तरी बैठकीत बोला. योजनेचा अर्ज भरायला कोणी मदत मागितली, तर अर्जदाराच्या जागी तिचं नाव लिहिता येतं का, ते आधी बघा.

सरपंच, तलाठी, पशुधन पर्यवेक्षक यांच्यापर्यंत तिचा आवाज पोहोचायला वेळ लागेल. आपल्या गावच्या बाईचा आवाज मात्र त्यांच्यापर्यंत सहज पोहोचतो. तेवढा आपण तिच्यासाठी वापरायला हवा.