तळघरातली कोळीण

मासे धरतो तो कोळी आणि जाळं विणतो तोही कोळी. मराठीने एकाच शब्दात कोंबलेले हे दोघे मला एकाच अंगात सापडले ते ओहायोत, भाड्याच्या घराच्या तळघरात, वॉशिंग मशीनच्या मागे. मार्च महिना, बाहेर बर्फ. करडा-तपकिरी, पायांवर पट्टे, पाय धरून दोन इंच. डोलोमेडिस टेनेब्रोसस, इकडे याला फिशिंग स्पायडर म्हणतात. वरून पेला झाकला, खालून पोस्टकार्ड सरकवलं आणि वर घेऊन आलो.

व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "दिवाळीत जळमटं काढायला झाडू दिला की पळायचास, आणि आता पाळतोयस?"

नर की मादी ते कळत नव्हतं. मी आपलं कोळीण म्हणायला लागलो.

पहिली चूक नावाला भुलून झाली. मोठ्या डब्यात अर्धं तळं केलं. तिने चार दिवस तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तळ्यावर राहणारी तिची भावंडं वेगळी. ही झाडांच्या खोडांवरची, पाण्यापासून बरीच लांबही आढळणारी. मग तळाला ओलसर कोकोपीट, झाडाच्या सालीचा एक उभा तुकडा, कोपऱ्यात चार बोटं खोल पाण्याचा वाडगा आणि झाकणाला बारीक भोकं, एवढंच ठेवलं. नळाचं पाणी मात्र रात्रभर उघडं ठेवून मगच घालायचं. त्याच संध्याकाळी ती सालीवर डोकं खाली करून बसली आणि तशीच बसून राहिली.

मासा द्यायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू. मार्टिन निफेलर आणि ब्रॅडली प्यूसी या संशोधकांनी 2014 साली कोळ्यांनी मासे धरल्याच्या जगभरातल्या नोंदी एकत्र केल्या. पकडलेला मासा सरासरी कोळ्याच्या दुपटीहून जड होता. पण डब्यातला मासा म्हणजे तिची गरज नव्हे, माझी करमणूक. आठवड्यातून दोनदा रातकिडा, तिच्या पोटापेक्षा मोठा नाही, एवढं पुरे होतं. बागेतले किडे देत नव्हतो. फवारणीचा भरवसा नाही.

एकदा रातकिडा चिमट्यातून निसटून वाडग्यात पडला. कोळीण तेव्हा काठाशी होती. मागचे पाय सालीला, पुढचे दोन पाण्यावर टेकलेले. पायांखाली पाण्याला खळ्या पडलेल्या, पण पृष्ठभाग फुटलेला नाही. रातकिड्याच्या धडपडीने लाटा उठल्या. तिने एक पाय जेमतेम उचलला, पुन्हा ठेवला आणि पुढे जे झालं ते मला दिसलंच नाही. पाणी हललं, ती जागेवर परत होती आणि रातकिडा तोंडात. आणखी एकदा झाकण दाणकन उघडल्यावर ती घाबरून पाण्यात शिरली. अंगावरच्या केसांत हवा अडकल्याने सगळी चांदीची दिसत होती. वर आली तर कोरडी ठणठणीत.

मे महिन्यात तिने खाणं टाकलं. आठवडा गेला, दुसरा गेला. मी घाबरलो आणि दर दोन दिवसांनी नवा रातकिडा सोडत राहिलो. हीच माझी सगळ्यात वाईट चूक. एका रात्री पाहतो तर ती सालीखाली उलटी लटकलेली, पाठीवरचं कवच डब्याच्या झाकणासारखं उघडलेलं, आणि पाय तंग बांगडीतून हात काढावा तसे इंच इंच बाहेर येताहेत. कात टाकताना अंग लोण्यासारखं मऊ असतं. भुकेला रातकिडाही तिला कुरतडू शकतो. खाली दोन रातकिडे फिरत होते. श्वास रोखून ते चिमट्याने काढले. हात थरथरत होता, तिला धक्का लागला नाही हे नशीब.

सकाळी तिचे दात पांढरे होते. काळे व्हायला दिवस लागले, तोवर फक्त पाणी. तोंडाजवळच्या लहान पायांची टोकं फुगली नव्हती. वयात आलेल्या नराची फुगतात. म्हणजे माझा अंदाज बरोबर होता.

जूनमध्ये तिला घरामागच्या ओकवर सोडलं. तिथे नर भेटेल. या जातीचा नर मीलनाच्या क्षणीच मरतो, आपोआप, हे नेब्रास्का विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं. ती खोडावर चार बोटं वर चढली, मग पलीकडच्या बाजूला गेली. मी वळसा घालून पाहिलं, तर सालीवर सालच होती.

स्वयंपाकघरात उरलेले रातकिडे रात्रभर ओरडत होते.