कोंड्याचा मांडा

कोंड्याचा मांडा करणारी गृहिणी आपल्या भाषेला परिचित आहे. कोंड्यातून रसायन काढणारा मात्र स्कॉटलंडचा. १८४० साली स्टेनहाउस या रसायनज्ञाने ओट, कोंडा, लाकडाचा भुसा असे पदार्थ गंधकाम्लाबरोबर उकळून एक तेलकट द्रव मिळवला. कोंड्याच्या लॅटिन नावावरून त्याला पुढे फर्फ्युरल म्हणू लागले. मी कला शाखेचा विद्यार्थी. तरीही घरी ऊस असल्यामुळे या विषयाचा नाद लागला.

ऊस काय, मका काय, त्यांच्या काडीत सेल्युलोज आणि लिग्निन यांच्या जोडीला हेमिसेल्युलोज असते. त्यात पाच कार्बनी शर्करा साखळीने बांधलेल्या असतात. सौम्य आम्ल आणि वाफ यांनी साखळी तुटते, सुट्या शर्करेच्या प्रत्येक रेणूतून पाण्याचे तीन रेणू निघून जातात, आणि फर्फ्युरल वाफेबरोबर वर येते. वास कडू बदामासारखा. ताजे असताना रंगहीन, हवा लागली की काळपट.

अमेरिकेत क्वेकर ओट्स कंपनीने १९२२ साली ओटच्या टरफलांपासून त्याचे व्यापारी उत्पादन सुरू केले. फाउंड्रीत वाळूचे साचे घट्ट धरणारी फ्युरान राळ यापासूनच होते. डुपाँटने तर काही वर्षे नायलॉनचा कच्चा माल फर्फ्युरलपासून बनवला. १९६० च्या सुमारास खनिज तेल स्वस्त पडले आणि तो मार्ग सुटला. रसायन हरले नाही, भाव हरला.

आपल्याकडे शंभर टन ऊस गाळला की सुमारे तीस टन ओले चिपाड निघते. पण त्याला टाकाऊ म्हणणे शहरी माणसाचे अज्ञान होय. चिपाडावर बॉयलर चालतो, शिल्लक वीज विकली जाते. फर्फ्युरल काढल्यावर उरलेला चोथाही जळतो, हे खरे. परंतु एक टन फर्फ्युरलला दहा टनांहून अधिक कोरडे चिपाड लागते. (कडब्याचे नाव तर कोणी काढूच नये, तो गुरांच्या तोंडचा घास आहे.)

रंगराजन समितीने २०१२ साली सुचवले, की साखर आणि चिपाड, मळी, प्रेसमड यांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा उसाला मिळावा. तो हिशेब चिपाडापर्यंतचा. उद्या कारखान्याने त्याचे फर्फ्युरल केले, तर शेतकऱ्याचा वाटा चिपाडाच्या भावाने धरायचा की फर्फ्युरलच्या? आमचे वडील कारखान्याचे सभासद आहेत. येत्या वार्षिक सभेत हा प्रश्न विचारा, असे मी त्यांना सांगून ठेवले आहे.