रक्तातली बांगडी

गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या गडबडीत शेजारच्या काकूंची पाठ भरून आली, दरदरून घाम फुटला, मळमळायला लागलं. "पित्त खवळलंय गं," म्हणत त्यांनी लिंबूपाणी घेतलं आणि वाण वाटत राहिल्या. रात्री दम लागला तेव्हा कुठे दवाखाना गाठला. कार्डिओग्राम काढला, रक्त तपासलं. हार्ट अटॅक! काकू वाचल्या, पण हृदयाचं पंपिंग कमी झालंय. आता जिना चढताना मध्येच बसावं लागतं.

माझी लेक बी.एस्सी.ला आहे. ती म्हणाली, "आई, अटॅकनंतर कुणाचं हृदय कमकुवत होईल, हे रक्तातून आधीच कळावं म्हणून संशोधन चाललंय. वर्तुळाकार आरएनएवर." मी पडले कला शाखेची! मग तिने शिवणाच्या डब्यातला दोरा आणि माझी बांगडीच पुढ्यात ठेवली.

आपल्या पेशींत जनुकांवरच्या माहितीची जी नक्कल निघते, ती म्हणजे आरएनए. तो बहुधा दोऱ्यासारखा, दोन टोकांचा असतो. काही एन्झाइम त्याला टोकाकडून कुरतडत संपवतात. पण काही आरएनएची टोकं एकमेकांना जोडलेली असतात, अगदी बांगडीसारखी. टोकच नाही, तर कुरतडणार कुठून? म्हणून ही बांगडी जास्त टिकते, रक्तातही सापडते. १९७० च्या दशकातच ती सूक्ष्मदर्शकातून दिसली होती. पण पेशीची चूक समजून कित्येक वर्षं बाजूला पडली.

तिचं हृदयाशी असलेलं नातं २०१६ मध्ये ठळकपणे पुढे आलं. चीनमधल्या संशोधकांना उंदरांमध्ये अशी एक बांगडी सापडली, जी हृदयाला अपाय करणाऱ्या एका छोट्या आरएनएला स्पंजासारखी धरून ठेवते. जर्मनीत म्युनिकच्या संशोधकांना रक्तवाहिन्या चोंदण्यापासून संरक्षण देणारी दुसरी बांगडी आढळली. लक्झेंबर्गमध्ये अटॅक आलेल्यांचं रक्त तपासलं, तेव्हा एक विशिष्ट बांगडी ज्यांच्यात कमी, त्यांचं हृदय पुढे कमकुवत होण्याचा धोका जास्त दिसला. काकूंसारख्यांना आधीच सावध करता आलं, तर केवढं काम होईल!

पण मैत्रिणींनो, ही तपासणी अजून आपल्या गावच्या लॅबमध्ये येत नाही. आज हाताशी आहे तो कार्डिओग्राम आणि ट्रोपोनिनची रक्ततपासणी. त्यांचा उपयोग मात्र वेळेवर पोचलो तरच! बायकांमध्ये छातीत दुखण्याबरोबर, कधी त्याशिवायही, पाठ, मान, जबडा दुखणं, धाप, मळमळ, घाम, विलक्षण थकवा अशी लक्षणं दिसतात. आणि आपण म्हणतो, "पित्त असेल. आधी स्वयंपाक उरकते."

काकू आता मंडळात सगळ्यांना एकच सांगतात, "वाण उद्याही देता येतं गं. त्या दिवशी मी आधी १०८ ला फोन करायला हवा होता."