राजा रामखामहेंग आणि सुखोथाईचा शिलालेख क्रमांक १ : एका कारकिर्दीच्या पुराव्याची चिकित्सा

प्रस्तावना

सुखोथाईच्या राजवंशातील तिसरा राजा रामखामहेंग (कारकीर्द सुमारे इ. स. १२७९ ते १२९८) हा थायलंडच्या राष्ट्रीय इतिहासात लिपीचा जनक, व्यापारास मोकळीक देणारा व प्रजेची गाऱ्हाणी स्वतः ऐकणारा आदर्श राजा म्हणून ओळखला जातो. इ. स. १९७१ मध्ये बँकॉक येथे त्याच्या नावाने विद्यापीठ स्थापन झाले. मात्र या लोकप्रिय प्रतिमेचा जवळजवळ संपूर्ण भार एकाच दगडावर आहे. तो दगड वादग्रस्त ठरल्यास या राजाविषयी निश्चितपणे काय सांगता येईल, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात अंगकोरच्या ख्मेर साम्राज्याची पकड सैल होऊ लागली होती. चाओ फ्राया नदीच्या उत्तरेकडील खोऱ्यातील थाई सरदारांनी या परिस्थितीचा लाभ घेतला. त्यांपैकी एकाने सुमारे इ. स. १२३८ मध्ये ख्मेर अधिकाऱ्यास हुसकावून सुखोथाईची सत्ता हाती घेतली व श्री इंद्रादित्य हे संस्कृत बिरुद धारण केले. रामखामहेंग हा त्याचा पुत्र. ज्येष्ठ बंधू बान मुअंग याच्यानंतर तो गादीवर आला.

शिलालेखातील राजा

हा चौकोनी स्तंभ इ. स. १८३३ मध्ये सुखोथाईच्या अवशेषांत राजपुत्र मोंगकुट यांना आढळला. ते त्या वेळी भिक्षू होते, पुढे इ. स. १८५१ मध्ये ते सयामचे राजे झाले. स्तंभाच्या चारही बाजूंवर थाई भाषेत मजकूर कोरलेला आहे. आरंभी राजा प्रथमपुरुषी बोलतो. मातापिता, भावंडे, एकोणिसाव्या वर्षी चोतच्या अधिपतीशी हत्तीवरून झालेले द्वंद्व, त्या विजयामुळे पित्याने दिलेले 'राम पराक्रमी' या अर्थाचे नाव, असा तो तपशील आहे. त्यानंतर निवेदन तृतीयपुरुषी होते. राज्यात मार्गावर जकात नाही; हत्ती, घोडे, सोने, चांदी यांचा व्यापार कोणीही करावा; मृताची मालमत्ता त्याच्या मुलांकडे जाते; शरण आलेल्या शत्रूस मारले जात नाही; आणि वेशीवर टांगलेली घंटा वाजविणाऱ्याचे गाऱ्हाणे राजा स्वतः ऐकतो, असे त्यात नमूद आहे. ताडांच्या राईत बसविलेल्या शिलासनावर धर्मदिवशी भिक्षू प्रवचन करीत व इतर दिवशी राजा बसे, हाही उल्लेख लक्षणीय आहे.

मराठी वाचकास येथील कालगणना परिचित वाटेल. ख्मेर परंपरेतून आलेला शक संवत या लेखात वापरला आहे. लिपीची निर्मिती शके १२०५ मधील व शिलासनाची स्थापना शके १२१४ मधील सांगितली आहे. ज्ञानेश्वरीची पूर्तता शके १२१२ मधील आहे. म्हणजे देवगिरीवर रामचंद्रदेव यादव राज्य करीत असताना गोदावरीकाठी व सुखोथाईत, परस्परांशी कोणताही संबंध नसताना, देशी भाषा गंभीर लेखनासाठी वापरल्या जात होत्या. अर्थात हे शिलालेख अस्सल मानल्यासच म्हणता येते.

अस्सलतेचा वाद

फ्रेंच विद्वान ज्यॉर्ज सेदेस यांनी या लेखाचे संपादन केले, तेव्हा त्याच्या खरेपणाविषयी कोणास शंका नव्हती. इ. स. १९८७ मध्ये मायकल व्हिकरी यांनी व त्यानंतर थाई कलेतिहासकार पिरिया क्राइरिक्ष यांनी ती जाहीरपणे उपस्थित केली. त्यांचा मुख्य आधार लिपीचा आहे. या लेखात इकार-उकारासारखी स्वरचिन्हे व्यंजनांच्या ओळीतच लिहिली आहेत. नंतरच्या सुखोथाई लेखांत ती व्यंजनाच्या वर वा खाली येतात. मोंगकुट यांनी पालीसाठी स्वतः तयार केलेल्या 'अरियक' लिपीतही स्वर ओळीतच होते. शिवाय इ. स. १८५५ मध्ये ब्रिटिशांशी मुक्त व्यापाराचा बाउरिंग करार झाला. जकातमुक्त व्यापाराची ग्वाही देणारा प्राचीन लेख त्या काळात सोयीचा होता, असेही सूचित केले गेले.

विरोधी बाजूही दुबळी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जुन्या थाईचे इतके सूक्ष्म ज्ञान कोणास होते, हा प्रश्न भाषाशास्त्रज्ञ विचारतात. सुधारलेली लेखनपद्धती पुढील पिढीने सोडून देणे अशक्य नाही. दगडाच्या पृष्ठभागाच्या झिजेची तुलना इतर सुखोथाई लेखांशी केली असता ती जुळते, असा निष्कर्ष थायलंडमधील परीक्षकांनी काढला. इ. स. २००३ मध्ये युनेस्कोने हा लेख जागतिक स्मृती नोंदवहीत समाविष्ट केला; पण अशा नोंदीने विद्वानांचा वाद मिटत नसतो. प्रस्तुत लेखकास संपूर्ण बनावटीचा सिद्धान्त पटत नाही. मात्र लेख एकाच वेळी कोरलेला नाही, हे मानणे भाग आहे. चौथ्या बाजूवरील शेवटचा भाग वेगळ्या वळणाच्या अक्षरांत आहे, आणि व्हिएन्तियान ते नाखोन सी थम्मरात अशा राज्यविस्ताराची यादी नेमकी त्याच भागात येते.

लेखाबाहेरील राजा

शिलालेख बाजूला ठेवला तरी राजा नाहीसा होत नाही. वात सी चुम येथील लेखात श्री इंद्रादित्याचा पुत्र म्हणून रामराजाचा उल्लेख असून सी सच्चनालाई येथील धातुस्तूप त्याने उभारल्याचे सांगितले आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरच्या एका शपथलेखात तो पूर्वजांच्या मालिकेत आहे. समकालीन परकीय नोंदी राजाचे नाव घेत नसल्या तरी थाई सत्तेचा प्रभाव दाखवितात. युआन दरबाराच्या इतिहासात इ. स. १२९५ च्या सुमारास 'सिएन'च्या लोकांना मलायुशी वैर थांबविण्याची ताकीद नोंदली आहे. इ. स. १२९६-९७ मध्ये अंगकोरला आलेला चिनी प्रवासी झोउ दागुआन सयामींशी झालेल्या युद्धाने प्रदेश उजाड झाल्याचे लिहितो.

जे उरत नाही ते घंटेचे व मोकळ्या बाजाराचे राज्य. तरीही आधुनिक राजकारणाने नेमका तोच भाग उचलला. इ. स. १९५८ च्या लष्करी उठावानंतर सारित थनरात यांनी राष्ट्राच्या पित्यासमान शासक ही कल्पना 'फो खुन', म्हणजे पिता-अधिपती, या रामखामहेंगच्याच बिरुदाशी जोडली. निवडणुका व राजकीय पक्षांची उणीव या पितृत्वाने भरून काढली गेली.

विस्ताराच्या यादीचे परीक्षण राजाच्या मृत्यूनंतरच्या घटनांनीच होते. पुत्र लोएथाई याच्या काळात दूरची मांडलिक राज्ये सुखोथाईपासून वेगळी झाली. ओ. डब्ल्यू. वोल्टर्स यांनी अशा सत्तारचनेसाठी भारतीय राजनीतिशास्त्रातील 'मंडल' ही संज्ञा वापरली आहे. तिच्यात सीमारेषेपेक्षा व्यक्तिगत निष्ठा महत्त्वाची असते व ती राजाबरोबर संपू शकते. इ. स. १३७८ मध्ये सुखोथाईने अयुथ्थाचे स्वामित्व मान्य केले, तेव्हा रामखामहेंगच्या मृत्यूस जेमतेम ऐंशी वर्षे झाली होती.