घर ते गोठा : बोलती तार

कन्नड तालुक्यात गौताळा अभयारण्यालगतच्या वस्त्यांवर बिबट्याची धास्ती असते. रात्री गोठ्यावर माणूस एकटा, घर लांब, मोबाईलला रेंज नाही. हाक कोणी ऐकावी? अशा ठिकाणी दोन टोकांचा इंटरकॉम बसवावा.

वीज गेली तरी चालेल असा बॅटरीचा संच घ्यावा. तार दीड फूट खोल, प्लॅस्टिकच्या नळीतून न्यावी. म्हणजे उंदीर व कुदळ यांपासून ती वाचते. २३० व्होल्टच्या तारेसोबत एकाच नळीतून ती कदापि नेऊ नये. बटण मुलांच्याही हाताला यावे. वळवाचे आभाळ भरून येताच, विजा कडाडण्यापूर्वी, दोन्ही टोकांची तार संचातून काढावी. त्या रात्री मात्र गोठ्यावर दोघांनी झोपावे.