ट्रान्समिशनची तक्रार आणि रिकॉलचे पत्र

मंडळाच्या गणेशोत्सवाला निघालो होतो. मिनीव्हॅनमध्ये मागे मखर, दोन मोठी पातेली मसालेभात आणि मुलांचे झब्बे. हायवेला लागताना रॅम्पवर ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिन नुसते किंचाळले आणि वेग वाढायच्या ऐवजी कमी झाला. मागच्या ट्रकने जोरात भोंगा दिला. कशीबशी गाडी कडेला घेतली. दोन मिनिटांनी पुन्हा सुरू केली, तर काही झालेच नाही अशा थाटात ती चालू लागली. मसालेभात वेळेवर पोचला.

सोमवारी डीलरकडे गेलो. त्यांनी गाडी चालवून पाहिली आणि "आम्हाला दोष आढळला नाही" असे सांगून किल्ली परत दिली. महिन्याभराने पुन्हा तेच. पैसे घेतले नाहीत, म्हणून मी पावतीही मागितली नाही. वॉरंटी ३६,००० मैलांची होती. ती संपल्यावर पाच-सहा महिन्यांनी ट्रान्समिशन पूर्ण गेले आणि ३,००० डॉलरांच्या वर बिल झाले. त्यानंतर वर्षभराने कंपनीचे एक पत्र आले. (कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, असे अनुभव सगळ्याच कंपन्यांच्या ग्राहकांना आले आहेत.) पत्रात लिहिले होते की या भागाची वॉरंटी वाढवली आहे आणि ज्यांनी स्वतः खर्च केला असेल त्यांनी कागदपत्रांसह अर्ज करावा. ते पत्र मी आधी रिकॉलचे समजलो. ते रिकॉलचे नव्हते. हा फरक तेव्हा मला कळत नव्हता आणि आपल्या मंडळातल्या अनेकांना आजही कळत नाही, म्हणून हा लेख.

आधी यंत्राविषयी थोडेसे. आपल्यापैकी जुन्या मंडळींनी गाडी शिकली ती बहुधा कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीवर. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, डावा पाय क्लचवर, आणि गिअरबॉक्स बिघडला तर नाक्यावरचा मिस्त्री तो उतरवून दुपारपर्यंत पुन्हा चढवीत असे. इथे आल्यावर डाव्या पायाला काम उरले नाही, पण त्याचे काम दुसरे कोणीतरी करतेच. साध्या ऑटोमॅटिकमध्ये ते तेल करते. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एकच चालू केला तर वाऱ्याने दुसराही फिरू लागतो; तसे इंजिनाकडचे पाते तेल फिरवते आणि त्या तेलाने चाकांकडचे पाते फिरते. पुढे गिअर बदलायला चकत्यांचे छोटे क्लच असतात. त्यांना दाबून धरण्याचे कामही तेलाच्या दाबानेच होते. तेल जळाले, दाब कमी झाला किंवा चकत्या झिजल्या, की पकड सुटते. इंजिन फिरते, चाक फिरत नाही. रॅम्पवर माझे झाले ते हेच.

पुढे दोन नवे प्रकार आले. एकात गिअरच नाहीत. पिठाच्या गिरणीत असतो तसा पट्टा, पण पोलादी, आणि ज्यांचा व्यास कमी-जास्त होतो अशा दोन पुली. याला सीव्हीटी म्हणतात. निसानने आपल्या २००३ ते २०१० च्या सीव्हीटी गाड्यांची या भागाची वॉरंटी १० वर्षे किंवा १,२०,००० मैलांपर्यंत वाढवली होती. दुसऱ्या प्रकारात पायाऐवजी संगणक दोन क्लच चालवतो. त्याच्याकडे पुढे येऊच.

आता मुख्य मुद्दा. अमेरिकेत १९६६ साली वाहन-सुरक्षेचा कायदा झाला. राल्फ नेडर यांच्या पुस्तकाने त्याआधीच्या वर्षी मोठी खळबळ उडवली होती. या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशनला मी पुढे नुसते 'सुरक्षा खाते' म्हणेन. रिकॉल होतो तो या कायद्याखाली, आणि तो वाईट गाडीसाठी नसून असुरक्षित गाडीसाठी असतो. दोष असा हवा की त्याने अपघाताचा अवाजवी धोका निर्माण होतो. गाडी ५०,००० मैलांत बसली, याचे त्या कायद्याला काही वाटत नाही. तो तुमच्या खिशाचा प्रश्न.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या लाडक्या होंडाचे आहे. एके काळी देवळाच्या पार्किंगमध्ये ॲकॉर्ड आणि ओडिसी सोडून तिसरी गाडी शोधावी लागे. १९९९ ते २००१ च्या सुमारास बनलेल्या अनेक ओडिसी आणि ॲकॉर्डची ट्रान्समिशन्स घसरू लागली आणि अकाली गेली. त्यावर कंपनीने वॉरंटी ७ वर्षे किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली. रिकॉल नाही. एप्रिल २००४ मध्ये मात्र त्याच कंपनीने सुमारे ११ लाख गाड्यांचा रिकॉल जाहीर केला. त्यात ओडिसी, पायलट, सहा सिलिंडरची ॲकॉर्ड आणि ॲक्युराची काही मॉडेल्स होती. कारण असे की दुसऱ्या गिअरला पुरेसे तेल न मिळून तो तापत होता, त्याचे दात तुटू शकत होते आणि धावत्या गाडीचे ट्रान्समिशन एकदम जाम होऊ शकत होते. १५,००० मैलांच्या आतल्या गाड्यांना तेलाचा जादा फवारा बसवून दिला. त्यापुढच्या गाड्यांचा तो गिअर तपासून, उष्णतेने रंग बदललेला दिसला तर ट्रान्समिशनच बदलले. म्हणजे घसरते ते टिकाऊपणाच्या खात्यात आणि जाम होते ते सुरक्षिततेच्या खात्यात. ट्रकपुढे वेग गेलेल्या माणसाला हा भेद पटणे कठीण आहे, पण वकील आणि इंजिनियर हाच भेद मांडून वर्षानुवर्षे भांडतात.

तसे भांडण फोर्डच्या बाबतीत दोनदा झाले. सत्तरच्या दशकातल्या अनेक फोर्ड गाड्यांचा दांडा 'पार्क'वर आहे असे वाटे, पण तो नीट अडकलेला नसे. चालू इंजिनाच्या धक्क्याने तो निसटून गाडी आपोआप मागे जाई. सुरक्षा खात्याकडे नव्वदहून अधिक मृत्यूंच्या तक्रारी आल्या. गाड्यांची संख्या २ कोटींच्या वर होती. डिसेंबर १९८० मध्ये सरकारने समझोता केला. कोणता? दुरुस्ती नाही. कंपनीने मालकांना डॅशबोर्डवर चिकटवायला एक स्टिकर पाठवायचा: दांडा पार्कवर आहे याची खात्री करा, हँडब्रेक लावा, इंजिन बंद करा. एवढ्या मोठ्या दोषाची एवढी स्वस्त वासलात दुसरी मला माहीत नाही.

दुसरे भांडण फोकस आणि फिएस्टाचे. इथे आले ते दोन क्लचवाले ट्रान्समिशन. २०११ ते २०१६ च्या फिएस्टा आणि २०१२ ते २०१६ च्या फोकस गाड्या थरथरत, सिग्नलला अडखळत, कधी निघायलाच तयार नसत. नोकरीला नव्याने लागलेल्या कितीतरी मुलांची ती पहिली नवी गाडी होती. कंपनीने क्लच आणि त्याच्या संगणकाच्या वॉरंट्या वाढवल्या. २०१९ मध्ये 'डेट्रॉइट फ्री प्रेस'ने कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे लिहिले की गाडी बाजारात येण्याआधीच हा दोष कंपनीला ठाऊक होता. कंपनीने गाड्या सुरक्षित असल्याचे सांगितले. सुमारे १९ लाख आजी-माजी मालकांचा सामूहिक खटला २०२० मध्ये तडजोडीने मिटला. त्या ट्रान्समिशनसाठी रिकॉल झालाच नाही.

बरे, रिकॉल झाला म्हणून दुरुस्ती झाली असेही नाही. क्रायसलरने एप्रिल २०१६ मध्ये जीप ग्रँड चेरोकी, डॉज चार्जर आणि क्रायसलर ३०० मिळून जगभरातल्या ११ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांचा इलेक्ट्रॉनिक दांडा प्रत्येक वेळी मधल्या जागी परत येई, त्यामुळे गाडी पार्कमध्ये आहे की नाही हे हाताला कळत नसे. रिकॉल जाहीर झाला, पण उपाय म्हणून द्यायचे सॉफ्टवेअर तयार नव्हते. १९ जून २०१६ रोजी लॉस एंजेलिसमध्ये 'स्टार ट्रेक' चित्रपटांतला तरुण नट अँटन येल्चिन याचा स्वतःच्या घराच्या उतारावर, स्वतःच्याच ग्रँड चेरोकीने चिरडून मृत्यू झाला. तो अवघा २७ वर्षांचा होता. ती गाडी रिकॉलच्या यादीत होती. याच कंपनीला २३ रिकॉल नीट न हाताळल्याबद्दल जुलै २०१५ मध्ये १० कोटी ५० लाख डॉलरांचा दंड झाला होता, तोही उशीर या कारणासाठीच.

जून २०२२ मध्ये फोर्डने २९ लाख गाड्या बोलावल्या. कारण बोटाच्या पेराएवढे एक बुश. ते झिजून गळाले की दांड्याचा आणि ट्रान्समिशनचा संबंध तुटतो आणि दांडा 'पार्क' दाखवत असताना गाडी उतारावरून निघते. याच बुशसाठी २०१८ मध्येही साडेपाच लाख गाड्या बोलावल्या होत्या. आणि सुटे भाग मिळेपर्यंत काय करायचे, तर हँडब्रेक लावायचा! १९८० चा स्टिकर आठवतोच.

हा उशीर कायद्याच्या चौकटीतच होतो. दोष कळवल्यावर ६० दिवसांत कंपनीने मालकांना पत्र धाडावे लागते. पण त्या पत्राबरोबर सुटा भागही असावा असे नाही. म्हणून पत्रे दोन येतात. पहिले नुसत्या सावधगिरीचे, दुसरे "आता गाडी घेऊन या" असे सांगणारे. कायदा म्हणतो की दुरुस्ती वाजवी वेळात व्हावी, आणि गाडी नेऊन दिल्यावर ६० दिवसांत नीट झाली नाही तर उशीर सकृद्दर्शनी अवाजवी धरावा. मग कंपनीने बदली गाडी किंवा पैसे द्यावेत. गोम अशी की हे दिवस मोजायचे ते कंपनीने पत्रात दुरुस्तीची जी तारीख दिली असेल तिच्यानंतर गाडी नेली तर. तारीख दिलीच नाही तर घड्याळ चालू होत नाही. अशा वेळी डीलरकडे दुसरी गाडी मागावी. कधी कधी देतात.

हातात आलेला कागद ओळखायला शिकावे. रिकॉलच्या पत्रात सुरक्षेच्या कायद्याचा उल्लेख असतो आणि ती दुरुस्ती गाडीच्या पहिल्या विक्रीपासून १५ वर्षांपर्यंत फुकट असते, मालक कितवाही असो. आधीच पदरचे पैसे घातले असतील तर परतफेडीची तरतूद असते. वाढीव वॉरंटीला वर्षांची आणि मैलांची मर्यादा असते. ती ओलांडली की संपले. तिसरा कागद आपल्याला येतच नाही. तो कंपनी डीलरला पाठवते: अमुक मॉडेल थरथरत असेल तर तमुक करा. त्याला सर्व्हिस बुलेटिन म्हणतात. सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर ही बुलेटिने सापडतात. त्याची प्रत हातात धरून गेलात तर "दोष आढळला नाही" म्हणणाऱ्याचा सूर बदलतो, हा माझा स्वतःचा अनुभव.

आणि लेखी घ्यावे. आपल्याला डीलरशी वाद घालायचा संकोच वाटतो. इंग्रजी उच्चाराचा, आणि "ॲडजस्ट करून घेऊ" या सवयीचा. पण दर भेटीत तारीख, मैल आणि आपल्या शब्दांतली तक्रार असलेली वर्क ऑर्डर मागावी, बिल शून्य असले तरीही. नव्या गाडीसाठी 'लेमन लॉ' असतो. पहिला १९८२ मध्ये कनेक्टिकटने केला, आज सगळ्या राज्यांत आहे. दुरुस्तीचे किती प्रयत्न फसले आणि गाडी किती दिवस अडकून पडली हे तो मोजतो, आणि मोजमाप होते ते या कागदांवरूनच. सुरक्षा खात्याकडेही तक्रार नोंदवावी. ८८८-३२७-४२३६ हा त्यांचा फोन. ते तुमचे डीलरशी भांडण सोडवणार नाहीत. पण चौकशी उघडायची की नाही हे ठरवताना अशा नोंदी पाहिल्या जातात, आणि देवळाच्या पार्किंगमध्ये केलेली तक्रार तिथे मोजली जात नाही.

माझ्या अर्जाचे काय झाले? बिलाची पावती सौ.ने जपून ठेवली होती, म्हणून पैसे परत मिळाले. टो ट्रकचे मात्र गेले, कारण तो कागद कुठेच सापडला नाही.

एक गोष्ट राहिली. रिकॉलचे पत्र राज्याच्या नोंदणीत असलेल्या पत्त्यावर जाते. आपण नोकरीपायी न्यू जर्सीहून टेक्सासला आणि तिथून आणखी कुठे जातो, आणि पत्र जुन्या अपार्टमेंटच्या पेटीत पडून राहते. विद्यार्थ्यांचे तर आणखी अवघड. मायदेशी परतणारा मुलगा नव्याने आलेल्याला जुनी गाडी ८०० डॉलरांना देतो, तिचे रिकॉल झालेत की नाही हे दोघांनाही माहीत नसते. नवी गाडी रिकॉल बाकी असताना विकता येत नाही. जुन्या गाडीला संघराज्याच्या कायद्यात अशी बंदी नाही, मग विकणारा डीलर का असेना. ड्रायव्हरच्या बाजूला काचेखाली डॅशबोर्डवर १७ अक्षरी क्रमांक असतो. ऑगस्ट २०१४ पासून तो सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर टाकला की त्या गाडीचे बाकी रिकॉल दिसतात. या ऑगस्टमध्ये मंडळातर्फे विद्यार्थ्यांना विमानतळावरून आणायला जे जातील, त्यांनी गाडी बघायलाही त्यांच्याबरोबर जावे.