शुश्रूषेचंही शास्त्र असतं!

रोग डॉक्टर बरा करतात. पण रोग्याच्या वेदना सुसह्य कशा कराव्यात, अशक्त बाळ कसं जगवावं, हे प्रश्न उशाशी बसणाऱ्या परिचारिकेचे. त्यांच्या संशोधनासाठी अमेरिकेत परिचारिका झगडल्या. अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून संसदेनं १९८५ साली राष्ट्रीय केंद्राचा कायदा केला.

पण पैसा मोजका, प्रश्न ढीगभर. (घरखर्चाची वही लिहिणाऱ्या तुम्हांला हे वेगळं सांगायला नकोच!) १९८८ साली परिषद भरवून क्रम लावला. पहिले दोन विषय : कमी वजनाची बाळं आणि एड्सच्या विषाणूची लागण. त्यापुढे वृद्धांची दीर्घकाळची सेवा (अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं करणाऱ्या सुनेला विचारा!) आणि वेदना. १९९३ मध्ये केंद्राची संस्था झाली.